चटईक्षेत्राबाहेरची ओसरी

घर बांधावयाचे म्हणजे आधी त्याचे 'एलेव्हेशन' ठरवावयाचे, अशी सध्याची रीत आहे. माणसाने निजावयाचे कोठे, स्वयंपाकघरातला धूर जावयाचा कोठून, पावसाचे पाणी कोणत्या बाजूने वाहावयाचे, वारा कोणत्या अंगाने आत शिरतो, हे प्रश्न मागाहून. प्रथम, रस्त्याने जाणाऱ्याला ते घर कसे दिसेल याचे रंगीत चित्र. संगणकावर काढलेले असे चित्र कुंभकोणमात चालू बांधकामांच्या दारांत टांगलेले आढळते. त्यात आकाश निळे असते, रस्ता धुतलेला असतो, फाटकाशी पांढरी मोटार उभी असते, आणि माणूस बहुधा नसतो. तो अनवधानाने राहून गेला असे कोणी समजू नये. त्या घराच्या दर्शनी बाजूस माणसाने बसून करावे असे काही उरलेलेच नाही, म्हणून तो नाही.

या चित्राविरुद्ध आमची फिर्याद आहे. आम्ही वास्तुविशारद नव्हे. केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकुनी करतो, आणि पदवी आहे ती इतिहासाची. 'मग या विषयावर लेखणी उचलण्याचा अधिकार काय?' असे कोणी विचारील. ज्याला फोडणीही देता येत नाही त्यालाही भाजी खारट झाली हे कळते. त्यासाठी आचारी असावे लागत नाही. शिवाय बदलीच्या नोकरीत दर तीनचार वर्षांनी नवे घर पत्करावे लागते. जन्मभर एकाच घरात राहून शंभर घरांचे नकाशे काढणाऱ्या वास्तुविशारदापेक्षा अधिक प्रकारच्या छपरांखाली आम्ही व आमचे वाचक घामाघूम झालेले आहेत. हा अधिकार पुरेसा आहे.

कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मध्ये हे गाव वसले आहे. महामहमच्या तळ्यावर दर बारा वर्षांनी लोटणारी गर्दी, सारंगपाणीचे अकरा मजली गोपुर, जवळच्या दारासुरमचे चोळकालीन ऐरावतेश्वर मंदिर यांविषयी वाचकांनी पुष्कळ वाचले असेल. आम्हांस त्यात भर घालावयाची नाही. देवाची घरे सुरक्षित आहेत. आमचा विषय माणसाच्या घराचा आहे. सारंगपाणीच्या देवळासमोरच्या सन्निधी रस्त्यावर एक लहानसे कौलारू घर आहे. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण व तारुण्याचा बराच काळ त्यात गेला. २००३ साली शास्त्र विद्यापीठाने ते घेऊन जतन केले, म्हणून ते आज उभे आहे. रस्त्यालगत खांबांवर पेललेले उतरते छप्पर, त्याच्या सावलीत बांधीव ओटा, म्हणजे तमिळांची 'तिण्णै'. मग दार, आणि दाराच्या मागे एकीमागून एक लांबत गेलेल्या खोल्या. या धाटणीच्या मोठ्या घरांत मध्यभागी आभाळाला उघडा असा चौक असतो, त्याला येथे 'मुट्रम' म्हणतात. त्यापलीकडे स्वयंपाकघर, परसू आणि विहीर. रामानुजन या तिण्णैवर मांडी घालून, पाटी पुढे घेऊन बसत, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. रस्त्याच्या वर्दळीने त्यांचे गणित बिघडल्याचे ऐकिवात नाही.

तिण्णै एका दिवसात मरत नाही. प्रथम रात्रीची स्कूटर चोरीस जाऊ नये म्हणून ओट्यापुढे लोखंडी जाळी बसते. मग जाळीतून धूळ येते म्हणून तिला पत्रा लागतो. मग पत्र्याआडची ती अंधारी जागा वाया कशास घालवावी, म्हणून तेथे झेरॉक्सचे वा मोबाइलच्या सुट्या भागांचे दुकान उघडते. आणि एके दिवशी मुले चेन्नईहून वा परदेशाहून येऊन वाटणी करतात, घर जमीनदोस्त होते, आणि त्या अरुंद व खोल जागेवर एक चौकोनी ठोकळा उभा राहतो. त्याच्या तळाशी मोटारी, वर माणसे. आणि समोर, पश्चिमेच्या उन्हाकडे तोंड करून, निळसर काच.

तिण्णै म्हणजे केवळ बसण्याचा ओटा असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. समोरच्या भिंतीवर ऊन पडू न देणे आणि पावसाचा मारा तिच्यापासून दूर ठेवणे हे तिचे पहिले काम. वळचणीखाली जी सावली धरते तीतून वारा आत शिरतो, समोरासमोर मांडलेल्या दारांतून सरळ परसापर्यंत जातो; मधल्या चौकातून तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी रस्त्याकडची थंड हवा ओढली जाते. कावेरीच्या या सखल, दमट मुलखात जाड भिंतीने फारसे साधत नाही, कारण रात्रही उबारा धरून असते. येथे घाम वाळविणारा वारा हाच खरा उपाय. आपल्या देशावरची गोष्ट निराळी. तेथे हवा कोरडी, दिवस तापता आणि रात्र गार, म्हणून हातभर जाडीचे मातीचे माळवद आणि तितक्याच जाड भिंती. शिवाय धामधुमीच्या काळात बांधलेला वाडा रस्त्याकडे पाठ करून उभा राही. पण त्या वाड्यालाही दिंडीदरवाजाच्या आत देवडी वा ढाळज होती. कोकणात पडवी होती, सातारा-कोल्हापूरकडे सोपा होता, विदर्भात ओसरी होती. हवामानाप्रमाणे आकार बदलला, नाव बदलले. घराने आल्यागेल्याला टेकावयास जागा ठेवावी हे मात्र कोणी बदलले नाही. ते बदलण्याचा मान आमच्या पिढीने घेतला.

जुन्याचे गोडवे गात बसणे हा आमचा हेतू नव्हे. मंगळुरी कौलांचे छप्पर दरसाल चाळावे लागे. माकडांच्या एका झुंडीने पावसाळ्याच्या तोंडावर गृहस्थाचे दिवाळे काढावे. जुन्या मद्रासी गच्चीचे काम तर अजबच होते: जवळजवळ मांडलेल्या सागवानी कड्या, त्यांवर चुन्यात उभ्या बसविलेल्या पातळ विटा, त्यांवर विटांच्या तुकड्यांचा चुनेगच्ची कोबा, आणि सर्वांवर चपट्या लाद्या. सुंदर खरे, पण ते सागवान ब्रह्मदेशातून येत असे, आणि आता आणावयाचे कोठून? सिमेंटचा स्लॅब आला, त्याने गरिबाला न गळणारे, न जळणारे छप्पर दिले, हे उपकार आहेत. आमची तक्रार सिमेंटशी नाही. चारपाच इंच जाडीचा स्लॅब टाकला की घराचा विचार संपला, असे जे मानले जाते त्याच्याशी आहे. दिवसभर तापलेला हा स्लॅब रात्री अकरापर्यंत वरून शेकत राहतो. त्याला ना वळचण, ना खाली माळा, ना वर सावली. मग भिंतीत भोक पाडून वातानुकूल यंत्र बसते, आणि ते यंत्र आतली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीवर फेकते. शेजारीही, अर्थात, यंत्र घेतो.

काचेच्या दर्शनी भिंतीचे कूळ शोधू गेल्यास ते थंड देशांत सापडते. न्यूयॉर्कचे 'लिव्हर हाऊस' १९५२ साली उभे राहिले, आणि तेव्हापासून सबंध काचेची इमारत हे जगभर श्रीमंतीचे व आधुनिकतेचे निशाण झाले. ज्या देशांत वर्षातले कित्येक महिने ऊन दुर्मिळ, तेथे काच ऊन आत घेते आणि ऊब बाहेर जाऊ देत नाही, हा तिचा गुण. कुंभकोणमात नेमका तोच तिचा अवगुण. हे समजावयास शास्त्र शिकावे लागत नाही, उन्हात उभ्या मोटारीत पाच मिनिटे बसले तरी पुरे. आमच्या सरकारलाही हे समजते. २०१८ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' काढली, आणि थंड प्रदेश वगळता इतरत्र घराच्या भिंतीखिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेस दर चौरस मीटरामागे १५ वॅटची मर्यादा सुचविली. चांगले काम. पण ती अमलात आणावयाची राज्यांनी व नगरपालिकांनी; आणि संहितेचा कागद व गवंड्याची थापी यांच्यामधले अंतर किती असते हे सरकारी कचेरीत बसणाऱ्यांना आम्ही सांगावयास नको.

काचेच्या जोडीला दुसरे सोंग आहे ते चकचकीत पत्र्याचे. जुन्या दुकानाच्या, इस्पितळाच्या, मंगल कार्यालयाच्या दर्शनी भागावर लाल, पिवळ्या, चंदेरी रंगाचे सपाट तक्ते ठोकतात. एका आठवड्यात पन्नास वर्षांची इमारत 'मॉडर्न' होते. मूळच्या खिडक्या त्यांखाली गाडल्या जातात. हे तक्ते दिसावयास धातूचे. वास्तविक ॲल्युमिनियमचे दोन अतिपातळ पत्रे आणि मध्ये गाभा, अशी ती पोळी असते. आणि स्वस्त मालात हा गाभा पॉलिएथिलीनचा, म्हणजे जळणाऱ्या प्लॅस्टिकचा असतो. लंडनच्या चोवीस मजली ग्रेनफेल टॉवरला असेच आच्छादन चढविलेले होते. १४ जून २०१७ च्या रात्री एका स्वयंपाकघरात लागलेली आग त्या आच्छादनावरून सबंध इमारतीवर चढली आणि ७२ माणसे गेली.

लंडनची गोष्ट येथे कशास, असे कुंभकोणमात कोणीही म्हणू नये. १६ जुलै २००४ रोजी याच गावात श्रीकृष्ण शाळेच्या माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात आग लागली, ती माडाच्या झापांच्या छपरास भिडली, आणि वर्गात बसलेली ९४ मुले जळून गेली. त्यानंतर तमिळनाडूतील शाळांवरची झापांची छपरे काढण्याचे हुकूम सुटले, आणि ते योग्यच झाले. पण त्या भयंकर दिवसापासून लोकांनी जो धडा घेतला तो अर्धा घेतला. 'झाप वाईट, पक्के बांधकाम चांगले' एवढेच ते शिकले. मुले मेली ती केवळ झापांमुळे नव्हे. चूल आणि वर्ग यांच्यामध्ये अंतर नव्हते, दाटीवाटीने भरलेल्या वर्गांतून बाहेर पडण्याची वाट अरुंद होती, आणि अशा इमारतीला परवानगी देणाऱ्या कागदांवर सह्या होत्या. २०१४ साली तंजावरच्या न्यायालयाने दहा जणांस दोषी धरले. त्यांत शाळा चालविणाऱ्यांबरोबर एक अभियंता होता आणि शिक्षण खात्यातले नोकरही होते. त्यांपैकी काहींची पुढे उच्च न्यायालयात सुटका झाली. ज्या गावाने हे पाहिले त्या गावाच्या बाजारपेठेत आज प्लॅस्टिकच्या गाभ्याचा पत्रा दर्शनी भिंतीवर, खिडक्यांवरून, जिन्याच्या उजेडावाऱ्यावरून ठोकला जातो, आणि त्याला कोणी ज्वालाग्राही म्हणत नाही, कारण तो चकाकतो. झाप गरिबीचा दिसे, म्हणून तो धोक्याचा वाटला. २०२१ साली कुंभकोणमची महानगरपालिका झाली आहे. तिने दुकानाच्या परवान्याच्या वेळी 'तुमच्या पत्र्यात गाभा कशाचा?' एवढा एक प्रश्न छापील अर्जात घालावा. एक ओळ वाढेल. आम्ही कारकून ती आनंदाने तपासू.

आता दुसऱ्या टोकाची फॅशन. काचेचा कंटाळा आलेल्या पैसेवाल्यांना अलीकडे वारसा आवडू लागला आहे. गावाबाहेर 'पारंपरिक' विश्रामगृहे उघडतात. तेथे तिण्णै असते, तीवर पितळी समई असते, खांब चेट्टिनाडचे असतात, फरशी आत्तंगुडीची असते, आणि एका रात्रीचे भाडे आमच्या महिन्याच्या घरभाड्याला लाजवील. हे खांब येतात कोठून? कारैकुडीच्या जुन्या बाजारात जाऊन पाहावे. मोडलेल्या हवेल्यांची दारे, तुळया, खुंट्या, देवघरांच्या चौकटी तेथे वजनावारी मांडलेल्या असतात. ज्या नातवाने आजोबांची तिण्णै फोडून काच लावली, तोच सुटीत पैसे मोजून दुसऱ्याच्या आजोबांच्या खांबाला टेकून छायाचित्र काढतो. चेन्नईजवळ मुट्टुक्काडू येथे १९९६ पासून 'दक्षिणचित्र' हे संग्रहालय आहे. तेथे दक्षिणेतली जुनी घरे उचलून आणून पुन्हा उभारलेली आहेत. ते निदान स्वतःला संग्रहालय म्हणवते. परंतु जिवंत गावात तिण्णै मारावयाची आणि गावाबाहेर तिकीट लावून तिचे प्रेत बसते करावयाचे, या व्यवहाराला संस्कृतिरक्षण हे नाव देऊ नये. काच आणि हा वारसा, ही दोन्ही एकाच एलेव्हेशनची लेकरे आहेत. एकात नवे दाखवावयाचे, दुसऱ्यात जुने; राहावयाचे दोन्हींत यंत्राच्या गारव्यावरच.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. तिण्णै सर्वांना मोकळी नव्हती. अग्रहाराच्या रस्त्यावर पाऊल टाकण्यासही ज्यांना मज्जाव होता त्यांनी तिण्णैवर टेकण्याचा प्रश्नच नव्हता. मद्रास इलाख्यातल्या देवळांची दारे कायद्याने सर्व हिंदूंना मोकळी झाली ती १९४७ साली. घरांच्या ओट्यांसाठी तर कायदाही झाला नाही. घराच्या आतही तेच. चौकात उजेड होता, पण बाई चुलीच्या धुरात होती, विधवा मागल्या अंधारात होती, आणि महिन्याचे चार दिवस परसाकडच्या खोलीत काढावे लागत. हे लक्षात न घेता जो जुन्या घराची आरती ओवाळतो तो पुरुष तर असतोच, आणि बहुधा उच्चवर्णीय असतो.

तथापि हा आक्षेप बिल्डरच्या तोंडी शोभत नाही. काँक्रीटने जात मोडली काय? 'फक्त शाकाहारी कुटुंबास' ही पाटी मुंबईपासून चेन्नईपर्यंत आमच्या वाचकांनी वाचली आहे. कित्येकांनी दलालाच्या फोनवर आडनावाची, आहाराची चौकशी सोसली आहे. फरक इतकाच की, ओट्यावर कोणाला बसू देतात आणि कोणाला नाही, हे रस्त्याला दिसत असे. आणि जो अन्याय रस्त्याला दिसतो त्याच्याशी रस्त्यात उभे राहून भांडता येते. बंद दारामागचा आणि फोनवरचा अन्याय कोणाला दिसत नाही. तिण्णैवर सर्वांना बसू द्यावे, असे म्हणण्याऐवजी तिण्णैच पाडून टाकावी, हा कोणता न्याय?

तिण्णै पाडावयास सर्वांत मोठा हातभार मात्र आम्हां कागदवाल्यांचा आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मध्ये चटईक्षेत्राची व्याख्या आहे. घराच्या आतल्या वापरावयाच्या जमिनीचे क्षेत्र ते चटईक्षेत्र. बाहेरच्या भिंती, त्या घरापुरती असलेली बाल्कनी वा व्हरांडा, आणि उघडी गच्ची ही त्यातून वगळलेली. हेतू उत्तम होता. बिल्डर लोक जिना, गच्ची, बाल्कनी सारे घरात मोजून गिऱ्हाइकाला नाडीत. त्यांना वेसण घालणे जरूर होते. पण परिणाम पाहा. जे मोजले जात नाही ते विकता येत नाही, आणि जे विकता येत नाही ते कोणी बांधीत नाही. गंमत अशी की शब्द आहे चटईक्षेत्र. आमच्या आजोबांनी चटई टाकली कोठे? दुपारी पडवीत, रात्री गच्चीवर. ज्या दोन जागी खरोखर चटई पडत होती नेमक्या त्याच चटईक्षेत्राबाहेर पडल्या!

सरकारी वसाहतींची कथाही याहून वेगळी नाही. दिल्लीत नोकरी केलेल्या आमच्या वाचकांस सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर येथल्या जुन्या बैठ्या व दुमजली क्वार्टरांची आठवण असेल. भिंती साध्या, रंग पिवळट, नळाला पाणी कधी असे कधी नसे. पण दारात कडुनिंब होता, पुढे हिरवळीचा तुकडा होता, आणि थंडीत त्या तुकड्यावर सबंध ओळ उन्हाला बसे. मराठी, बंगाली, मल्याळी बायका एकमेकींच्या भाषा शिकल्या त्या तेथे, मटार सोलता सोलता. जुलै २०१६ मध्ये अशा सात वसाहतींच्या पुनर्विकासास मंत्रिमंडळाने मान्यता दिली. सुमारे तेरा हजार घरांच्या जागी त्याच्या जवळजवळ दुप्पट घरे, आणि खर्च भागविण्यासाठी व्यापारी गाळ्यांची विक्री. नौरोजी नगर तर सबंधच कचेऱ्यांच्या मनोऱ्यांकडे गेले. २०१८ साली झाडांच्या कत्तलीविरुद्ध लोक रस्त्यावर आले, उच्च न्यायालयाने तोड थांबविली, आराखडे थोडे बदलले. घरे वाढली पाहिजेत हे आम्ही मान्य करतो; क्वार्टरसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहिलेल्यांस ते शिकवावे लागत नाही. प्रश्न एवढाच की, नव्या वसाहतीत दहाव्या मजल्यावरच्या बाईने मटार घेऊन बसावयाचे कोठे? लिफ्टच्या पुढ्यात?

बदलीवर आलेल्या माणसाला हा प्रश्न गावात जन्मलेल्यापेक्षा अधिक झोंबतो. गावकऱ्याला गाव वारशाने मिळते. आम्हांला ते कोणाच्या तरी ओट्यावरून मिळवावे लागते. कुंभकोणमात आलो तेव्हा तमिळचा एक शब्द आम्हांस येत नव्हता. कचेरीत इंग्रजीवर भागते, बाजारात बोटांवर भागते. भाषा मात्र शेजारच्या एका शिल्लक राहिलेल्या तिण्णैवर, संध्याकाळी फिल्टर कॉफीच्या दवऱ्यासमोर शिकलो. घरात बोलवावे एवढी ओळख नाही, आणि दारातून घालवावे एवढे परकेपणही नाही, अशा माणसासाठी ही जागा केलेली आहे. तमिळ शिकविणारे ते गृहस्थ आमच्या दिवाणखान्यात कधी आले नाहीत, आम्ही त्यांच्या माजघरात गेलो नाही, आणि तरी आमचे कोठे अडले नाही. काचेच्या ठोकळ्यात राहणाऱ्या शेजाऱ्यांचे नाव आम्हांस दोन वर्षांनी कळले, तेही वीजबिल चुकून आमच्याकडे आले म्हणून.

या मुलखात येणारे मराठी लोक आम्ही पहिले नव्हे. व्यंकोजी राजे सतराव्या शतकात तंजावरात आले आणि त्यांच्या वंशाचे राज्य १८५५ पर्यंत चालले. तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे कुंभकोणमात आजही आहेत. या राजांना नव्याचा हव्यास नव्हता असे नाही. दुसऱ्या सरफोजींनी समुद्रकाठी 'मनोरा' नावाचा षट्कोनी बुरूज उठविला, तो नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या जयाच्या स्मरणार्थ! पण त्याच सरफोजींच्या काळी या प्रांताच्या वाटांवर छत्रे चालत. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांपैकी नामांकित. यात्रेकरूला, वाटसरूला तेथे अन्न मिळे, पाठ टेकावयास ओवरी मिळे. परमुलखात राज्य करावयाचे तर आल्यागेल्याला सावली बांधून द्यावी लागते, एवढे त्या राज्यकर्त्यांना उमगले होते. मनोरा पाहावयास सुटीच्या दिवशी लोक जातात. छत्रांनी माणसे जगविली.

नव्या सामग्रीने, आजच्या गरजांसाठी, हे सारे करता येत नाही असे कोणी सांगू लागल्यास त्याला चार ठिकाणी न्यावे. त्रिवेंद्रमला लॉरी बेकर यांनी विटांच्या जाळीदार भिंती उभारल्या आणि स्लॅबमध्ये जेथे काँक्रीट नुसतेच ओझे होऊन राहते तेथे जुनी कौले घालून सिमेंट वाचविले. त्यांचे विकास अध्ययन केंद्र आजही भर उन्हाळ्यात हवेशीर आहे. कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डला ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकून आले, काही वर्षे सरकारी नोकरीतच होते, आणि पुढे कानपूरच्या आय.आय.टी.त त्यांनी उघड्या विटा-काँक्रीटचे, सावलीच्या वाटांनी जोडलेले आवार उभे केले. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी हे तर प्रत्यक्ष ल कॉर्बुझिए यांचे सहायक. त्यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत गरिबांना सबंध घर न देता जोते, नळ आणि संडास दिला, बाकीचे ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावे अशी योजना केली, आणि नमुन्याच्या घरांना रस्त्यावर ओटले ठेवले. त्या वसाहतीला १९९५ साली आगाखान पुरस्कार मिळाला. चार्ल्स कोरिया यांनी १९८० नंतरच्या दशकात नव्या मुंबईत बेलापूरला सात सात घरे आठ मीटरच्या चौकाभोवती बसविली. मालकांनी पुढे त्यांतली पुष्कळ पाडून तिमजली बंगले चढविले, हेही सांगितले पाहिजे. परंतु घरे गेली तरी चौक उरले, आणि मुले अजून त्यांत खेळतात. यांपैकी एकानेही जुन्या खांबांचा बाजार केला नाही. सिमेंट यांनीही वापरले. मात्र ते वापरताना ऊन कोठून येते हे विसरले नाहीत.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी निवृत्तीनंतरच्या घरासाठी पुण्याच्या आसपास, साताऱ्यास, नाशकास वा नागपुरास जमिनीचा तुकडा घेऊन ठेवला आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाती आली की वास्तुविशारद घरी येईल आणि निळ्या आभाळाचे ते रंगीत चित्र टेबलावर पसरील. चित्र बाजूस ठेवून त्याला इतकेच विचारावे की, वैशाखात दुपारी दोन वाजता वीज गेली, आणि त्याच वेळी कोणी दारात आले, तर या घरात त्या दोघांनी बसावयाचे कोठे. त्याने नकाशावर एका जागी बोट ठेवले तर काम द्यावे. इन्व्हर्टरचे नाव काढले तर नकाशा गुंडाळून परत करावा.